मरण एक, रंगमंच तीन

(उमरेड येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिला आहे, "आधुनिक रंगभूमीवरील नाट्यप्रकार आणि तंत्र". पत्रिकेवर हे वाचलं की वाटतं, आता तासभर व्याख्या ऐकाव्या लागणार. शोकांतिका म्हणजे काय, प्रहसन म्हणजे काय, वास्तववाद म्हणजे काय. मी तसं करणार नाही. त्या व्याख्या बी.ए.च्या पुस्तकात आहेत आणि परीक्षा झाली की त्या विसरायच्याच असतात. (हशा) मी एकच प्रश्न घेऊन आलो आहे. आपल्या विदर्भातल्या एखाद्या घरात मरण होतं, घर मोडतं. हे मरण रंगमंचावर आणायचं तर किती रीतींनी आणता येतं? आणि रीत बदलली की समोर बसलेल्या आपलं काय होतं?

हा प्रश्न उमरेडमध्ये विचारायला कारण आहे. तुमचं गाव उंबरठ्यावर आहे. नागपूरहून निघालेला रस्ता उमरेडवरून भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत आरमोरीकडे जातो. त्या बाजूला झाडीपट्टी. तिकडे दिवाळी झाली की मंडई भरते, दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्या नाटकाचं मोठं ठाणं. आणि या बाजूला, दीड तासावर, नागपूर. तिथे नाट्यगृह आहे, राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र आहे, परीक्षक आहेत, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात परीक्षण आहे.

या दोन्हीकडे काम करणारी मुलं आपल्याकडे आहेत. हिवाळ्यात मांडवात उभं राहून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवतात, आणि स्पर्धेचे दिवस आले की तीच मुलं आवाज खाली घेतात, पाठमोरी बसतात, वाक्य अर्धवट सोडतात. दोन्ही करता येणं ही मोठी गोष्ट आहे. माझी तक्रार वेगळी आहे. यातली बरीच मुलं पहिलं काम सांगायला लाजतात. "सर, ते आपलं पैशासाठी, हे खरं नाटक." ही लाज कुठून आली? माझं म्हणणं असं, की ती आमच्या समीक्षेतून आली. आम्ही नाट्यप्रकारांची नावं मापासाठी वापरायला हवी होती, आम्ही ती जातीसारखी वापरली. हे वरचं, ते खालचं.

आता "मेलोड्रामा" हाच शब्द घ्या. मराठी परीक्षणात तो शिवीसारखाच येतो. "दुसऱ्या अंकात नाटक मेलोड्रामाकडे झुकतं." म्हणजे बिघडलं. पण त्या शब्दात काय आहे ते बघा. ग्रीक भाषेत मेलोस म्हणजे गाणं. गाणं आणि नाट्य यांचा जोड शब्द तो. अक्षरशः अर्थ लावायचा तर संगीत नाटक! आपण संगीत नाटक म्हटलं की हात जोडतो आणि मेलोड्रामा म्हटलं की नाक मुरडतो. (हशा) शब्दाचा इतिहास पुढे वेगळीकडे गेला हे मला माहीत आहे. तरीही मूळ लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण गाणं आणि नाट्य एकत्र येण्याची रीत आपल्या मराठी रंगभूमीच्या पायात आहे. 1880 मध्ये संगीत शाकुंतल आलं, 1882 मध्ये सौभद्र. आजही झाडीपट्टीचं नाटक गाण्याशिवाय उभं राहत नाही.

तर नाट्यप्रकार म्हणजे काय? मी त्याला करार म्हणतो. पडदा उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत नाटक आपल्याशी एक करार करतं. मी तुम्हाला काय दाखवीन, काय लपवीन, आणि तुम्ही कोण होऊन बसायचं. भरतानं दहा रूपकं सांगितली, त्यात भाण म्हणजे एकट्या नटाचा प्रकार आहे. तो एकटाच आकाशाकडे तोंड करून न दिसणाऱ्या माणसाशी बोलतो, त्याचं उत्तरही आपणच सांगतो. कोणी उठून म्हणत नाही की बाप्पा, समोर तं कोणीच नाही! कारण करार ठरलेला आहे. टीका करायची तर या कराराच्या आधारे करायची. एका कराराचा कागद दाखवून दुसऱ्यावर जप्ती आणायची नाही.

या हिशेबानं आपण तीन रंगमंच बघू.

पहिला रंगमंच मोठ्यानं बोलणारा. याचं सगळ्यात थोर उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी जोडलेलं आहे. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला गेले. तेहतीस वर्षांचे होते. त्यांचं 'एकच प्याला' त्यांच्या मागे त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीनं रंगमंचावर आणलं, बालगंधर्व सिंधू झाले. नाटकातली पदं गडकऱ्यांची नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. हे मुद्दाम सांगतो. झाडीपट्टीच्या नाटकाला नावं ठेवताना एक आरोप नेहमी होतो, की गाणी दुसरंच कोणी लिहितं आणि ती वरून चिकटवतात. गाणी कोणी लिहिली हा प्रश्न नाही. गाणं कुठे येतं, हा प्रश्न आहे.

'एकच प्याला'त काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सुधाकर हुशार वकील. भर कोर्टात अपमान होतो, सनद जाते, तळीराम पहिला प्याला हातात देतो. तिथून घर उतरत जातं. श्रीमंत बापाची लेक सिंधू दळण दळते. शेवटी नशेत सुधाकरच्या हातून तान्हं मूल जातं, सिंधूही जाते, आणि जाताना पोलिसांना खोटं सांगून नवऱ्याला वाचवून जाते. सुधाकर शेवटच्या प्याल्यात विष घालून पितो. यात मधेमधे आर्य मदिरा मंडळाचे विनोदी प्रवेश. एकीकडे घर मरतंय, दुसरीकडे दारुड्यांची सभा भरली आहे. आजच्या नियमांनी परीक्षक म्हणतील, रसभंग. पण प्रेक्षकाला हसवून सैल करायचं आणि मग त्या सैल झालेल्या माणसावर घाव घालायचा, हे या प्रकाराचं जुनं, पक्कं तंत्र आहे. आणि गडकऱ्यांच्या हातात तर तो विनोद पुढच्या मरणाचीच तयारी करतो. ज्या दारूवर आपण हसलो तीच दारू मूल मारते. आपलं हसू आपल्यालाच टोचतं.

आता झाडीपट्टीच्या मांडवात चला. नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात, अंगावर घोंगडी-चादरी, मांडीवर लेकरं. एखादी बाई मधेच उठून लेकराला बाहेर नेऊन आणते. कोणी तासभर झोपतो आणि जागा होऊन शेजाऱ्याला विचारतो, कुठवर आलं? अशा ठिकाणी नटानं कुजबुजून चालेल का? सूचक शांतता ठेवून चालेल? ती शांतता दोन मिनिटांत लेकरांच्या रडण्यानं आणि बाहेरच्या भज्यांच्या गाडीनं भरून जाईल. (हशा) म्हणून इथे भावना मोठी असते, ती एकदा बोलून दाखवली जाते, मग गाण्यातून पुन्हा सांगितली जाते. झोपेतून उठलेल्यालाही कळलं पाहिजे की सुनेवर अन्याय झाला. खलनायक पहिल्या प्रवेशात ओळखू आला पाहिजे. प्रेक्षक इथे पंच असतो. तो नुसता बघायला आलेला नसतो, तो निवाडा द्यायला बसलेला असतो. खलनायकाला तो तोंडावर शिव्या देतो. हा त्याचा अडाणीपणा नाही, हा करारातला त्याचा हक्क आहे.

या रंगभूमीतल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. आनंद झाला. पण सत्कार करणं सोपं असतं. समीक्षा करणं म्हणजे त्या माणसाचं काम मनावर घेणं. तेव्हा कौतुक झाल्यावर दोन कडू गोष्टी बोलतो.

एक. आजच्या पुष्कळ नाटकांत गाणं कथेला सोडून गेलं आहे. घरात प्रेत पडलेलं आणि पुढच्याच प्रवेशात, काही कारण नसताना, सिनेमातल्या चालीवर नाच. लोकांना आवडतं म्हणून घालतो, असं सांगतात. विनोदी प्रवेशाबद्दल मी आत्ता जे बोललो ते इथे लागू पडत नाही, कारण तो विनोद मरणाशी बांधलेला होता. हा नाच कशाशीच बांधलेला नाही. हा करारभंग आहे, आणि तो याच प्रकाराच्या नियमांनी करारभंग आहे. त्यासाठी पुण्या-मुंबईचा कायदा लागत नाही.

दोन. हे जास्त महत्त्वाचं. शेतकऱ्याच्या मरणाचं नाटक आलं, की त्यात एक सावकार येतो. मिशीवाला, सोन्याची साखळीवाला. शेवटच्या अंकात त्याला शिक्षा होते आणि पहाटे आपण हलके होऊन घरी जातो. अहो, सावकार असतात, मी नाही म्हणत नाही. पण बँकेचं थकलेलं कर्ज, सोयाबीनचा पडलेला भाव, महागलेलं बियाणं, पोरीच्या लग्नाचा खर्च, आणि चार माणसांत मान खाली जाऊ नये म्हणून केलेलं खोटं नाटक, यांना मिशी कुठून लावायची? प्रेक्षकाला पंच करायचं आणि त्याच्यासमोर आरोपी मात्र चुकीचा उभा करायचा, असं होतं हे. आणि यावर कोणी म्हणेल की मेलोड्रामात असंच असतं, तर त्याला गडकरी दाखवावेत. 'एकच प्याला'त सगळा दोष कोणा एका खलनायकावर ढकलता येतो का? तळीराम प्याला पुढे करतो, पण अपमान न पचणं हे सुधाकरच्या आतलं आहे. आरोपी नायकच आहे, आणि त्याच्यावर आपलं प्रेमही आहे. म्हणजे मोठ्या आवाजाच्या नाटकालाही अवघड निवाडा मागता येतो. शंभर वर्षांपूर्वी मागता येत होता.

आता दुसरा रंगमंच, हळू बोलणारा. मराठीत याची सुरुवात सांगताना 1933 साल सांगतात. नाट्यमन्वंतर या संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' केलं, नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून. स्त्रीच्या भूमिकेत स्त्री, दिवाणखान्यासारखा दिवाणखाना, माणसं बोलतात तसं बोलणं. नॉर्वेच्याच इब्सेननं 1879 मध्ये 'डॉल्स हाउस' लिहून युरोपात जी खोली उभी केली, तिची एक भिंत काढून प्रेक्षकाला आत डोकवायला लावलं, ती खोली मराठीत आली. पुढे बरीच वर्षं या खोलीत राहिली ती पुण्या-मुंबईची माणसं.

ही खोली विदर्भात आली ती महेश एलकुंचवारांबरोबर. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे ते. 'वाडा चिरेबंदी' 1985 मध्ये विजया मेहतांनी रंगमंचावर आणलं. धरणगावचे देशपांडे. तात्याजी गेले आहेत, नाटक सुरू होतं तेव्हा दुखवटा आहे, आणि सगळ्यांसमोर प्रश्न आहे तेरवीचा. देशपांड्यांच्या इभ्रतीला साजेशी तेरवी करायची तर पैसा कुठून आणायचा? थोरला भास्कर, मुंबईहून आलेला सुधीर, राबराब राबणारा चंदू, शिकायचं राहून गेलेली प्रभा, आई, वहिनी, वेळेचं भान सुटलेली दादी. वऱ्हाडी बोली, तीही विनोदासाठी वापरलेली नाही. त्याआधी मुख्य रंगभूमीवर आपली बोली बहुधा गड्याच्या नाहीतर विदूषकाच्या तोंडी असायची. इथे ती घरच्या मालकाच्या दुःखाची भाषा झाली.

या नाटकाचं तंत्र दोन वस्तूंत बघा. अंगणात एक ट्रॅक्टर गंजत पडला आहे. त्याच्यावर कोणी भाषण करत नाही. पण तो तिथे आहे, तो चालत नाही आणि तो हलवलाही जात नाही. शेती आधुनिक करायची हौस, ती फसली, आणि फसलेलं झाकायची सोयही उरली नाही, हे सगळं त्या लोखंडात आहे. चंदूच्या पायाला जखम होते ती त्याच ट्रॅक्टरची. दुसरी वस्तू घराण्याचे दागिने. वहिनी रात्री ते सगळे अंगावर घालून उभी राहते तो प्रवेश आठवा. बाहेर घर बुडतंय आणि ही बाई काही क्षणांपुरती देशपांड्यांची सून होऊन बघते आहे. ते दागिने पुढे घरातच राहत नाहीत, रंजू ते घेऊन पळून जाते. मांडवातल्या नाटकात इथे गाणं आलं असतं आणि चांगलंही वाटलं असतं. इथे गाणं नाही. दुःख बोलून दाखवायचं नाही, वस्तूवर ठेवून द्यायचं आणि प्रेक्षकानं ते उचलायचं, असा हा करार आहे. चेकॉव्हनं 1904 मध्ये 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये जमीनदारांची बाग अशीच जाऊ दिली होती. सगळे रडायचं सोडून भलतंच बोलत असतात आणि बाग जाते.

प्रेक्षक इथे पंच नाही. तो अंधारात बसलेला नातेवाईक आहे. त्याला सगळं दिसतं, बोलता काहीच येत नाही. दुखवट्याच्या घरी कोपऱ्यात बसल्यासारखं. आणि म्हणून हे नाटक घरी गेल्यावर जास्त छळतं. निवाडा देऊन मोकळं होता आलेलं नसतं ना!

मग हा प्रकार श्रेष्ठ का? थांबा. यालाही एक प्रश्न विचारायचा. या रंगमंचावर येतात ती फक्त देशपांड्यांच्या घरातली माणसं. चौकाच्या आत ज्यांचा वावर आहे तीच. त्या वाड्याची जमीन पिढ्यान् पिढ्या कसली कोणी? वाडा ढासळतो तेव्हा त्यांचं काय होतं? ते लोक भिंतीपलीकडे आहेत. हा एलकुंचवारांचा दोष मी मानत नाही. घरातल्या माणसांना आपल्या पडझडीपुढे बाहेरचं जग दिसत नाही, हेही ते नाटक सांगतंच. पण तंत्राची किंमत आपल्याला कळली पाहिजे. एका घराच्या चार भिंती निवडल्या की खोली मिळते, आणि त्याच भिंती कोणालातरी बाहेर ठेवतात. शेतमजूर बाईचं मरण या रीतीनं आणायचं म्हटलं तर तिची खोली कोणती? तिचं अर्धं आयुष्य तर दुसऱ्याच्या धुऱ्यावर गेलं.

एक गंमत सांगतो. 'वाडा'ची पुढची दोन नाटकं, 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त', ही त्रिनाट्यधारा 1994 मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी आविष्कारसाठी सलग केली. आठ-नऊ तासांचा प्रयोग. त्याचं केवढं नाव झालं, आणि व्हायलाच हवं होतं. पण आठ तास नाटक बघणं हे मराठी प्रेक्षकाला झेपेल का, अशी चर्चा झाली तेव्हा कोणाला आठवलं नाही, की आपला मराठी प्रेक्षक झाडीपट्टीत दर हिवाळ्यात रात्रभर नाटक बघतो! (टाळ्या)

तसंच दुसरं. 1972 मध्ये 'घाशीराम कोतवाल' आलं, माणसांची भिंत नाचत-गात हलायला लागली. 1974 मध्ये सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण', त्यात तर मेलेला माणूसच उठून कीर्तन करतो. 1978 मध्ये पु. लं.चा 'तीन पैशाचा तमाशा', ब्रेख्तच्या नाटकावरून. शहराला लोककलेतलं तंत्र सापडलं. नाटक थांबवून गाणं म्हणायचं, प्रेक्षकाकडे वळून बोलायचं, ही नवी युक्ती म्हणून अभ्यासक्रमात गेली. ही नाटकं मोठीच आहेत, त्यांनी ते तंत्र डोळस केलं. पण आमच्या खडी गंमतीतला शाहीर आणि दंडारीतला पोरगा तेच करत होता, तेव्हा त्याला तंत्र म्हणालं का कोणी? शहरानं घेतलं की प्रयोगशील, गावानं ठेवलं की मागासलेलं. मुलांच्या मनात लाज येते ती अशी.

आता तिसरा रंगमंच, आणि इथे मला जपून बोलायचं आहे. श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेलं 'तेरवं'. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरातल्या बायका त्यात स्वतः काम करतात. 2019 च्या जानेवारीत यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यानं वाद झाला, आणि शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. त्या याच नाटकातल्या. शेतकऱ्याची विधवा आणि नटी अशा दोन्ही ओळखी घेऊन ती बाई त्या मंडपात उभी होती.

शब्दांकडे बघा. 'वाडा'त तेरवी होती, इथे तेरवं आहे. तिथे प्रश्न होता तेरवी थाटात कशी करायची. इथे प्रश्न आहे तेराव्या दिवसानंतरचा. पाव्हणे गेले, पेपरवाले गेले, पुढारी येऊन गेले. चौदाव्या दिवशी ती बाई काय करते? मेलेल्या माणसावर आपण एवढी नाटकं लिहिली, पण मागे राहिलेली बाई त्यात रडण्यापुरती असायची.

हा करार पहिल्या दोघांहून अगदी निराळा आहे. नट म्हणजे जे नाही ते होणारा माणूस, असं आपण धरून चालतो. इथे समोरची बाई जे आहे तेच आहे. मग हिला अभिनय म्हणायचं का? मी म्हणतो, म्हणायचंच. ते नाकारलं तर आपण तिचा अपमान करतो. खरं दुःख आहे म्हणून ते आपोआप नाटक होत नाही. तालीम करावी लागते, कुठे उभं राहायचं ते ठरवावं लागतं, कालचं वाक्य आज पुन्हा म्हणावं लागतं. आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसाच्या शेजारी रोज उभं राहायचं आणि तरी कोसळायचं नाही, याला जे लागतं ते तंत्रच आहे. ब्रेख्त म्हणायचा, नटानं भूमिकेपासून थोडं अंतर ठेवावं, म्हणजे प्रेक्षक विचार करील. त्याच्या नटांना ते अंतर शिकून घ्यावं लागलं. या बाईला ते अंतर जगण्यासाठीच लागतं.

इथे प्रेक्षक पंच नाही आणि नातेवाईकही नाही. तो साक्षीदार होतो. आणि साक्षीदाराची अडचण माहीत आहे ना? त्याला पुढे बोलावणं येऊ शकतं. "मी पाहिलं" एवढं म्हणून सुटका होत नाही.

पण धोका इथेही आहे, आणि तो प्रेक्षकाकडून आहे. आपण अशा नाटकाला उभं राहून टाळ्या वाजवतो, डोळे पुसतो, मोबाईलवर फोटो काढतो आणि समजतो आपलं काम झालं. मांडवात सावकाराला शिक्षा झाल्यावर जसे हलके होतो, तसेच इथे रडून हलके होतो. शिवाय आमचे समीक्षक या नाटकाबद्दल बोलायला घाबरतात. "यावर काय बोलणार, हे तर खरं आयुष्य." असं म्हणून नाटकाला नाटकाच्या बाहेर काढतात. हाही एक प्रकारचा वाळीत टाकण्याचाच मार्ग. त्या बायकांनी रंगमंच निवडला आहे. भाषण निवडता आलं असतं, मोर्चा निवडता आला असता. त्यांनी नाटक निवडलं, तर आपण त्याच्याशी नाटक म्हणूनच बोललं पाहिजे. कुठला प्रवेश लांबला, कुठे लेखकाचे शब्द त्यांच्या तोंडात बसले नाहीत, कुठे एका नुसत्या बघण्यानं सगळं सांगितलं, हे बोललं पाहिजे.

तर मित्रहो, मरण एक आणि रंगमंच तीन. यात कोणता मोठा हे मला सांगायचं नाही. मला म्हणायचं आहे, की कोणतंही नाटक बघताना किंवा बसवताना तीन प्रश्न विचारा. या रीतीत कोणाला बोलता येतं आणि कोण भिंतीबाहेर राहतं? दोष कोणावर ठेवला आहे, आणि तो सोयीचा आहे की खरा? आणि मला, प्रेक्षकाला, हे नाटक कोण करतंय? पंच, नातेवाईक, का साक्षीदार? मांडवातल्या नाटकाला हे विचारा, स्पर्धेतल्या नाटकाला विचारा. कितीतरी स्पर्धेतली नाटकं या परीक्षेत नापास होतील. अंधार आहे, पाठमोरा नट आहे, तुटक वाक्यं आहेत, आणि शांततेच्या मागे ठेवलेला ट्रॅक्टर मात्र नाही. नुसतीच शांतता! (हशा)

वेळ झाली आहे, तरी एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे तो घेतो. विचारलं आहे, "सर, हे सगळं ठीक, पण आम्ही स्पर्धेत झाडीपट्टीच्या पद्धतीनं नाटक केलं तर मार्क मिळतील का?"

प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तरही तसंच देतो. मिळतील याची हमी नाही. परीक्षकानं कान तयार केलेले नसतील तर "भडक" असा शेरा येईल. पण तुम्ही झाडीपट्टीचं तंत्र चवीपुरतं आणू नका. दोन मिनिटं दंडार नाचवली, मग परत दिवाणखाना, असं केलं तर तो शेरा बरोबरच ठरेल. आणायचं तर पूर्ण करार आणा. प्रेक्षकाला निवाड्याला बसवा, गाणं तिथेच आणा जिथे बोलणं संपतं, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात सावकाराच्या शेजारी आपल्यातलाही एखादा उभा करा. ज्या घरात तेरवीसाठी कर्ज काढतात त्या घरातला, आणि ते कर्ज काढायला लावणाऱ्या गावातला. मग परीक्षकानं काय लिहायचं ते लिहू द्या. नागपूरच्या नाट्यगृहात मागच्या रांगेतून कोणी त्या आरोपीला तोंडावर शिवी दिली, तर समजा की नाटक पोचलं.